बिल्टीची मागची बाजू

मे महिन्यातली दुपार, अडीचचा सुमार. जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याच्या आमच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात कूलर नुसता घरघरतोय. त्याच्या गवताला पाणी कमी पडलंय, त्यामुळे वारा येतो तोही गरम. शेठ गादीवर आडवे झालेत. दोन हमाल बाकावर पत्ते कुटतायत. तिसरा मोबाईलवर कुणाच्या तरी हळदीतला नाच बघतोय, आवाज मोठा करून. आणि मी टेबलाशी बसून एका बाद बिल्टीच्या, म्हणजे गाडीबरोबर द्यायच्या मालाच्या पावतीच्या, मागच्या कोऱ्या बाजूवर लिहितोय. या पाच जणांत कामचोर कोण, असं कुणी दारातून विचारलं तर बोट माझ्याकडेच जाणार, याची मला खात्री आहे.

केळीच्या ट्रान्सपोर्टचं काम असंच, दोन्ही टोकांना गर्दी आणि मध्ये पोकळी. सकाळी भावाची चर्चा: नवतीला (नव्या लागवडीच्या मालाला) काय निघाला, पिलबागेला (पिलांवर घेतलेल्या पुढच्या पिकाला) काय, वापसी (बाजूला काढलेला हलका माल) कुणी घेतं का. ती संपेस्तोवर कापणीची टोळी बागेत पोचलेली असते. मग माल भरून, काट्यावर वजन करून गाड्या आमच्या दाराशी लागतात त्या पाच-साडेपाचनंतर. तिथून पुढे बिल्ट्या, ड्रायव्हरांचे ॲडव्हान्स, डिझेलचे पैसे, दिल्लीच्या व्यापाऱ्यांचे फोन. रात्री नऊपर्यंत मान वर होत नाही. पण दुपारचे हे चार तास? ते कुणाचे? पगार तर पूर्ण दिवसाचा घेतो. म्हणजे शेठचेच म्हणायचे. पण शेठना त्यांचं काय करायचं ते माहीत नाही, म्हणून ते झोपतात.

माझा एक मित्र सरकारी कचेरीत आहे. त्यांचं ९.४५ ते ६.१५, आणि २९ फेब्रुवारी २०२० पासून आठवड्याला पाचच दिवस. तो कविता करतो आणि त्याच्यापाशी नियमसुद्धा आहे. १९७९ च्या वर्तणूक नियमांत साहित्यिक कामाला मुभा आहे, फक्त सरकारी कामाचा त्यानं खोळंबा होता कामा नये. ‘म्हणजे टेबलावर फाईल नसली की कविता कायदेशीर,’ असा त्याने त्याचा अर्थ लावलाय. खिडकीसमोर रांग असली तर काय, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तरादाखल कविता ऐकावी लागली असती.

माझ्यासाठी असा काही नियम नाही. एकदा उगाच १९५७ चा कॉपीराइट कायदा चाळला होता. त्याप्रमाणे नोकरीचा भाग म्हणून नोकराने जे लिहिलं त्याचा पहिला मालक शेठ, वेगळा करार नसेल तर. म्हणजे बिल्टीची पुढची बाजू शेठची आणि मागची माझी. कागद मात्र दोन्हीकडून शेठचाच! निदान पेन मी घरून आणतो.

आमच्या भागात काम सोडून लिहिताना कुणीही सापडला की लगेच बहिणाबाईंचा दाखला देतो. मीही दिलाय. आसोद्यात १८८० साली जन्मलेली ही बाई शाळेत गेली नाही, जात्यावर आणि शेतात ओव्या रचत राहिली. मुलाने, सोपानदेवांनी त्या टिपून ठेवल्या, आणि पुस्तक आलं ते ती गेल्यावर, १९५२ मध्ये. आज जळगावच्या विद्यापीठाला तिचं नाव आहे. हे सगळं मी एकदा आमच्या हिला ऐकवलं, तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, ‘तिचं जातं थांबत होतं का?’

मी गप्प. कारण मुद्दा तोच होता. ओवीनं जातं थांबत नाही, उलट ओढायला सोपं जातं. हात पिठात आणि मन ओवीत, दोन्ही एकाच वेळी. माझं तसं नाही. मी लिहायला लागलो की माझं जातं थांबतं, आणि थांबलंय हे मला कळतसुद्धा नाही.

‘मग घरी लिहा,’ हे तिचं पुढचं वाक्य. रविवारी तेही करून पाहिलं. नवी वही, चहा, पंखा, पोरं मामाकडे. तासाभरानं मी कपाटातली जुनी लाईटबिलं तारखेप्रमाणे लावत होतो.

तर लिहिणं जमतं ते ऑफिसातच. आणि तिथे ते फार वाईट दिसतं. डुलकी चालते, पत्ते चालतात, मोबाईल तर सगळ्यांनाच चालतो. पण मी मान खाली घालून लिहायला लागलो की येणारा-जाणारा थबकतो. ‘काय लिहून राहिला भो?’ या प्रश्नात कौतुक कमी, चौकशी जास्त. आधी मला वाटायचं, लोकांना लिहिणाऱ्याचा आकस असतो. आता तसं वाटत नाही. झोपलेल्या हमालाला ‘ए, गाडी आली’ म्हटलं की तो दचकून उठतो. पत्तेवाला हातातला डाव तसाच टाकून पळतो. लिहिणारा मान वर करून ‘हं’ म्हणतो, नजर आपल्यावरच असते, पण आपण सांगितलेलं त्याच्यापर्यंत पोचलेलंच नसतं. तो खुर्चीवर आहे आणि नाहीही. हे मला गेल्या वर्षी फार महागात पडून कळलं.

मेच होता. पश्चिमेचा गरम वारा सुटला होता, आणि अशा वाऱ्यात केळीची पानं फाटून त्यांच्या चिंध्या होतात. बागेत उभं राहिलं की त्या फाटक्या पानांचा एक आवाज येतो. तो मला लिहायचा होता. सळसळ म्हणावं तर ती पिंपळाची. फडफड झेंड्याची. हा आवाज कोरडा, घाईचा, मध्येच अडखळणारा. चार वाजून गेले, साडेपाच झाले, माझं तेच चाललेलं. तेवढ्यात दोन गाड्या लागल्या, एक दिल्लीची आणि एक लुधियान्याची. मी दोन्ही बिल्ट्या केल्या, सह्या घेतल्या, पैसे मोजून दिले. मोजताना कोऱ्या नोटांचा आवाज आला आणि मी चमकलो. हाच! फाटलेलं केळीचं पान नव्या नोटा मोजल्यासारखं वाजतं. त्या आनंदात लुधियान्याची बिल्टी दिल्लीच्या ड्रायव्हरच्या हातात गेली, आणि त्याची ह्याच्या.

बऱ्हाणपूरपाशी ढाब्यावर त्यांतला एकजण जेवायला थांबला आणि त्याने बिल्टी उघडून बघितली, म्हणून निभावलं. तिथूनच फोन आला. पण दुसरी गाडी तोवर पुढे निघून गेली होती. तिला फोनवरून रस्त्यात थांबवलं, पहिली तिच्यापर्यंत जाऊन कागद बदलून होईस्तोवर दोन तास मोडले. मे महिन्यात भरल्या केळीला दोन तास उभं ठेवणं म्हणजे काय, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. हिरवा माल वाटेतच पिवळा पडायला लागला की दिल्लीत भाव व्यापारी ठरवतो.

शेठ रागावतील म्हणून मी तयारीत होतो. त्यांनी टेबलावरची माझी बिल्टी उचलली, उलटली, मागचं दोन-चार ओळी वाचलं, परत ठेवलं आणि म्हणाले, ‘मुनीम, पिलं कापायची राहून गेली वाटतं तुझी.’

ज्यांच्या घरी केळी नाही त्यांच्यासाठी सांगतो. केळीच्या बुडाशी पिलं फुटतात, एकामागून एक. ती आईच्याच मुळाचं खतपाणी पितात. राहू दिली तर घड हलका येतो, म्हणून शेतकरी ती विळ्यानं सारखी कापत राहतो. पण सगळी कायम कापत नाही. घड निसवला, म्हणजे बाहेर पडला, की त्यातलं एक चांगलं जोमदार पिल तो मुद्दाम राखतो. पुढच्या वर्षीची पिलबाग त्याच्यावर उभी राहते. शेठनी यातला पहिला अर्धाच सांगितला होता. दुसरा अर्धा त्यांना माहीत नसेल असं नाही. त्यांची स्वतःची बाग आहे.

तेव्हापासून मी एक शिस्त लावून घेतली आहे. दुपारी लिहितो, लपवत नाही. साडेचारला भिंतीवरच्या घड्याळाकडे न बघता शेठच्या खोकल्याकडे लक्ष ठेवतो. ते त्या सुमारास उठून खाकरतात. खोकला आला की वाक्य जिथे असेल तिथे तोडायचं, कागद ड्रॉवरमध्ये. अर्धं तुटलेलं वाक्य दुसऱ्या दिवशी जोडायला सोपं जातं, असं लक्षात आलंय. पूर्ण केलेलं वाक्य दुसऱ्या दिवशी नुसतं तोंडाकडे बघत बसतं. शेठनाही हे ठाऊक असावं, कारण ते हल्ली जरा जास्तच मोठ्यानं खाकरतात.

मार्चमध्ये मात्र वेगळंच झालं. शेठच्या मुलीचं लग्न ठरलं. छापखान्यातून पत्रिकेचे नमुने आले. सगळीकडे तेच ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ आणि खाली पोरांचं ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं’. शेठनी ते सगळे बाजूला सारले, ड्रॉवरकडे बघितलं आणि म्हणाले, ‘तू लिही. काहीतरी आपल्या बागेचं येऊ दे त्यात.’

तीन दुपारी गेल्या. तिसऱ्या दिवशी तर पाच वाजून गेले तरी शेवटची ओळ बसेना. कायद्यानं हा मजकूर शेठचा की माझा, हे ठरवायलाही फुरसत नव्हती. बाहेर गाड्या लागल्या, एकाने हॉर्नवर हात ठेवला तो काढेचना. सवयीनं मी कागद ड्रॉवरमध्ये सारायला लागलो. शेठ गादीवरून उठले, दारात गेले आणि ड्रायव्हरवर खेकसले,

‘थांब ना जरा! दिसत नाही, मुनीम लिहून राहिला?’