गिझर दाखवण्याआधी पाणी विचारतो : आमची वाटचाल

1981 साली बाबांनी अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापुरात टिनाच्या शेडमध्ये दुकान टाकलं. बंबाला डाख देणं, स्टोव्ह दुरुस्त करणं आणि हंगामात फवारणीचे पंप, एवढंच काम. दिवाळी झाली की तांब्याच्या बंबांची रांग लागायची. बंबाची मधली नळी बाहेर काढली की तिच्यावर बोटभर जाड पांढरा थर असायचा, दगडासारखा. बोथट छिन्नीने तो फोडणं हे माझं काम. शाळा सुटल्यावर रोज एक-दोन बंब तरी मी साफ करत असे.

‘बंब लाकूड लय खाते,’ अशी गिऱ्हाइकाची तक्रार असायची. बाबा म्हणायचे, बंब नाही खात, त्याच्या पोटातला चुना खातो. ते अगदी बरोबर होतं. जड पाणी तापलं की त्यातला कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचा क्षार नळीवर बसतो. मग पऱ्हाटीची, तुराट्यांची आग पाण्यापर्यंत पोचत नाही, धुराबरोबर वर निघून जाते. थर फोडून दिला की तेवढ्याच पाण्याला लाकूड कमी लागायचं, हे आम्ही हजारदा पाहिलं.

मी आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन झालो आणि 2003 पासून गिझरचं काम सुरू केलं. 2007 च्या हिवाळ्यात एका कंपनीचे अकरा गिझर विकले, सगळे पूर्णा नदीकडच्या गावांत. दुसरा हिवाळा संपायच्या आत त्यातल्या सात गिझरच्या टाक्या गळायला लागल्या. कंपनीने वॉरंटी नाकारली. कागदावर बारीक अक्षरांत पाण्याच्या क्षाराची मर्यादा लिहिलेली होती. ती मी वाचली नव्हती आणि गिऱ्हाइकाला सांगितलीही नव्हती. लोकांनी कंपनीकडे बघून नाही, बाबांच्या दुकानाकडे बघून पैसे दिले होते. सातही जणांना आम्ही पदरचे घालून दुसरे गिझर दिले. ते कर्ज फेडायला दोन वर्षं गेली. त्या दिवसापासून आमच्या दुकानात पहिला प्रश्न एकच असतो : पाणी कोणतं वापरता?

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात जमिनीखालचं पाणी खारट आहे. नळाला धरणाचं गोडं पाणी येतं, पण ते रोज येईलच असं नाही. मग लोक बोअरचं पाणी टाकीत सोडतात आणि तेच गिझरमध्ये जातं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची चांगली मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर 2000. आमच्या मीटरवर काही बोअरचं पाणी 2500 च्या वर जातं.

खारं पाणी आणि जड पाणी यांत फरक आहे आणि तो ओळखणं आमच्या धंद्यात फार महत्त्वाचं. जड पाणी थर बसवतं. खारट पाण्यातलं मीठ थर बसवत नाही, ते धातू कुरतडतं. स्टीलच्या टाकीलाही बारीक छिद्रं पडतात, बहुतेक जोडाजवळ. टीडीएस मीटर, म्हणजे विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, दोन्हींची बेरीज दाखवतो, त्यामुळे आम्ही साबणाचा फेसही करून बघतो, जड पाण्यात तो नीट येत नाही. पाणी खारं निघालं तर काचेचा लेप असलेली टाकी देतो आणि तिच्यात मॅग्नेशियमची कांडी आहे ना, हे डोळ्यांनी बघून देतो. टाकीऐवजी ती कांडी झिजते, तिचं कामच ते. गोड्या पाण्यात ती दोन-तीन वर्षं जाते, आमच्याकडे वर्षभरात खडूएवढी उरते. दरवर्षी दसऱ्याला ती बघावी, एवढं केलं तरी टाकीचं आयुष्य वाढतं. कांडी स्वस्त असते, टाकी नाही.

‘भाऊ, दुरुस्त होते का नवाच घेऊ?’ हा प्रश्न दिवसातून चारदा येतो. एलिमेंट जळलं, थर्मोस्टॅट गेला, गॅस्केट गळतं, सेफ्टी व्हॉल्व्ह अडकला, कांडी संपली, हे सगळं बदलता येतं आणि बदलावं. टाकीच गळत असेल तर मी हात लावत नाही. लेपाच्या टाकीला वेल्डिंग केलं की आतला लेप जळतो आणि महिन्याभरात शेजारी नवं छिद्र पडतं. वेल्डिंगचे पैसे घेऊन तो महिना विकणं मला जमत नाही.

आता बिलाबद्दल. क्षार बसला की बिल वाढतं असं सर्रास सांगतात. बंबाला आणि गॅस गिझरला ते लागू आहे, विजेच्या गिझरला फारसं नाही. तिथं एलिमेंट पाण्यातच बुडालेलं असतं, उष्णता जाणार कुठं? नुकसान वेगळंच होतं. थराखाली एलिमेंट आतल्या आत तापत राहतं आणि फुटतं. त्याआधी गिझर घर्र-घर्र आवाज करायला लागतो. तो आवाज आला की बोलवा.

थंडीत 15 लिटरची बादली आंघोळीपुरती तापवायला अर्ध्या युनिटच्या आसपास वीज लागते. पाच माणसांचं घर धरलं तर महिन्याला सत्तर-पंचाहत्तर युनिट. दुखणं असं की महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे आहेत आणि 100 युनिटांनंतरचं युनिट महाग पडतं. गिझरचे युनिट बहुतेक त्या वरच्या टप्प्यातच जातात. गॅसशी तुलना करायची तर माझा हिशोब असा : 14.2 किलोच्या सिलिंडरमधून चांगल्या गॅस गिझरने साधारण 140 युनिटांएवढी उष्णता पाण्यात जाते. बिलातल्या वरच्या टप्प्याच्या दराने 140 ला गुणा आणि सिलिंडरच्या किमतीशी ताडून बघा.

पण गॅस गिझर न्हाणीघरात आम्ही बसवत नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी. 2014 मध्ये आम्हीच बसवलेल्या एका घरात मुलगी आंघोळीला गेली आणि बाहेर येईना. थंडी वाजते म्हणून घरच्यांनी झरोक्यात पोतं कोंबलं होतं. दार तोडून तिला काढलं, ती वाचली. हवा कमी पडली की गॅस जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला गरगरतं आणि कडी काढायचंही त्राण राहत नाही. ती बातमी घेऊन तिचे वडील दुकानात आले, तेव्हाचा त्यांचा चेहरा मी विसरलेलो नाही. तेव्हापासून गिझर बाहेर मोकळ्या भिंतीवर, फक्त पाण्याचा पाइप आत. जुन्या गिऱ्हाइकांकडे जाऊन सोळा गिझर आम्ही फुकट बाहेर काढून दिले.

आणखी एक नेहमीची तक्रार : ‘पाणी तपूनच नाही राह्यलं, काहून?’ अर्ध्या वेळा गिझर ठणठणीत असतो. गावाच्या टोकाच्या घरात 230 ऐवजी 180 व्होल्ट येत असतील तर 2000 वॅटचा गिझर 1200 वॅटचंच काम करतो. 25 लिटर तापायला जिथं पस्तीस मिनिटं लागायची, तिथं तासभर लागतो. अशा फेरीचे आम्ही पैसे घेत नाही. अर्थिंग मात्र तपासून येतो, कारण उन्हाळ्यात काळी माती भेगाळते आणि अर्थिंगची पकड सुटते. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की पुरवठा तोडणारा स्विच, नसेल तर गिझर जोडायला मी तयार होत नाही, आणि यावरून काही गिऱ्हाइकं तुटलीही.

सोलर घेणाऱ्यांना आम्ही काचेच्या नळ्यांचं सांगतो. सपाट पॅनेलच्या बारीक तांब्याच्या नळ्या आमच्या पाण्याने चोंदतात. काचेच्या नळ्यांना वानरांची आणि गारपिटीची भीती असते, पण फुटलेली एकेक नळी बदलता येते.

बाबा आता दुकानात बसत नाहीत. बंब मात्र अजून येतात, दिवाळीनंतर आठवड्याला दोन-तीन, आणि डाख मीच देतो. बायको हिशोबाबरोबर एक वही ठेवते. त्यात गावाचं नाव, विहीर की बोअर की नळ, आणि मीटरवरचा आकडा. आतापर्यंत 63 गावं झाली. तुमचं गाव त्यात नसेल तर येताना दोन बाटल्या घेऊन या, एकीत नळाचं पाणी आणि एकीत बोअरचं, अर्धा-अर्धा लिटर पुरे. तपासायला दहा मिनिटं लागतात. गिझर त्यानंतर बघू.