ज्यांच्या जातीचा कुणी उभाच नसतो

मतदान आटोपल्यावर आणि मतमोजणीच्या आधी जे दिवस मिळतात, त्यांतच मतदानोत्तर पाहणी उरकावी लागते. मी राज्यशास्त्र शिकवते आणि अशा पाहणीसाठी विद्यार्थ्यांची तुकडी घेऊन गावोगाव जाते. कुणाला भेटायचं हे आमच्या हातात नसतं. मतदार यादीतून ठरावीक अंतराने काढलेली नावं वरून येतात आणि त्याच माणसाला गाठायचं असतं. तो शेतात असला तर शेतात, बाजाराला गेला असेल तर परत येईपर्यंत थांबायचं. शेजारी कितीही बोलका असला तरी चालत नाही. मुलाखतीत एक नमुना मतपत्रिका द्यायची असते. मतदाराने चिन्हावर खूण करायची, घडी घालायची, पेटीत टाकायची, आणि तोवर आम्ही पाठ फिरवून उभं राहायचं.

मे 2024 मध्ये आम्ही बीड लोकसभा मतदारसंघात होतो. 13 मेला मतदान झालं होतं. पंकजा मुंडे भाजपकडून, बजरंग सोनवणे शरद पवारांच्या राष्ट्रवादीकडून. एक वंजारी, एक मराठा. एकमेकांच्या दुकानातून सामान घेणार नाही अशा शपथांचे व्हिडिओ त्या दिवसांत फिरत होते. सप्टेंबर 2023 मध्ये अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर पोलिसांचा लाठीमार झाला, ऑक्टोबरअखेर बीड आणि माजलगावात आमदारांची घरं पेटवली गेली, आणि मराठ्यांना कुणबी दाखले देऊन ओबीसीत घ्यायचं की नाही या वादाने गावंच्या गावं दुभंगली होती. गावात शिरलं की आधी आमचीच आडनावं विचारली जायची.

बाहेरचे लोक म्हणतात, मराठवाड्यात सगळं मतदान जातीवरच होतं. मला हे पटत नाही, आणि न पटायला बीडचाच इतिहास पुरेसा आहे. 1967 साली याच मतदारसंघाने वाळव्याकडचे क्रांतिसिंह नाना पाटील कम्युनिस्ट पक्षाकडून निवडून दिले. 1977 साली मार्क्सवादी पक्षाचे गंगाधरअप्पा बुरांडे. केशरकाकू क्षीरसागर तेली समाजातल्या, आणि त्या 1980, 1984, 1991 अशा तीन वेळा खासदार झाल्या. नुसत्या आपल्या जातीच्या मतांवर त्या कधीच निवडून आल्या नसत्या.

त्या दिवशीची पहिली मुलाखत एका मराठा तरुणाची होती. ठिबकच्या नळ्या गुंडाळता गुंडाळता तो बोलत होता. 2019 मध्ये मत कुणाला दिलं, असा एक प्रश्न असतो. तो म्हणाला, "कमळाला. घरातली झाडून सगळी मतं कमळाला. दिल्लीकडं बघून दिली." तेव्हाही कमळावर मुंडेच होत्या, प्रीतम मुंडे, आणि समोर हेच बजरंग सोनवणे. म्हणजे जाती त्याच, विरोधी उमेदवारही तोच, आणि तेव्हा प्रीतमताई 1 लाख 68 हजारांहून जास्त मतांनी जिंकल्या होत्या. पाच वर्षांत या माणसाची जात काही बदलली नव्हती. मी विचारलं, मग या वेळी? "या वेळी अंतरवाली डोळ्यांपुढून जात नव्हती, मॅडम."

दुसरी एक ऊसतोड करणारी बाई. वंजारी. हंगाम संपवून नवरा-बायको कर्नाटकातल्या कारखान्यावरून परतले होते, उचल अजून फिटली नव्हती. मत कुणाला हे तिने न विचारताच मोठ्याने सांगितलं, आणि कारणही सांगितलं. दिराच्या पायावरून ट्रॅक्टरचं चाक गेलं तेव्हा मुकादमाने फोन बंद ठेवला. मग समाजातल्या एका कार्यकर्त्याला फोन लावला. त्याने तिकडच्या दवाखान्यात बोलून भरती करून घ्यायला लावलं. "रातच्याला फोन कोण उचलतंय, ते बघावं लागतंय बाई. आपल्यातला उचलतोय." अशा बाईला जातीयवादी म्हणायची माझी हिंमत नाही. परमुलखात जिचा कुणी वाली नाही, तिने सहा महिने घराबाहेर काढून शिकलेला हा हिशेब आहे.

त्यानंतरचं नाव होतं गावातल्या नाभिकाचं. त्या गावात नाभिकांची दोनच घरं. पाराजवळ पत्र्याचं दुकान, आत एक खुर्ची, आरसा, बाकावर चारपाच जण टेकलेले. आम्ही कशासाठी आलो हे कळताच बाकावरचे सगळे त्याच्या तोंडाकडे बघायला लागले. एक जण म्हणालासुद्धा, "हं, सांग आता." त्याने हातातली दाढी पूर्ण केली, वस्तरा पुसला आणि म्हणाला, "घरी चला मॅडम, इथं नको." खरं तर मुलाखत एकांतातच घ्यायची असते, पण खेड्यात तो एकांत मिळवताना नाकी नऊ येतात. इथे मतदार स्वतःच एकांत मागत होता.

घरी गेल्यावर त्याने आधी दार लोटून घेतलं. मग पत्र्याच्या पेटीतून यादीची काही पानं काढून माझ्यापुढे ठेवली. कुण्या कार्यकर्त्याची यादी दुकानात राहिली होती. त्यांच्याच बुथाची, प्रत्येक नावापुढे पेनाची खूण. एका समाजाच्या नावांपुढे निळी, दुसऱ्याच्या नावांपुढे लाल. मुस्लिम आणि बौद्ध घरांपुढे वेगळे गोल. घर क्रमांकाप्रमाणे पान खाली खाली येत त्याच्या घरापाशी थांबलं. त्याचं नाव, बायकोचं, म्हाताऱ्या आईचं. तिन्ही नावांपुढे प्रश्नचिन्हं.

"सगळ्या गावाचं मत ह्यांनी आधीच लिहून ठेवलंय," तो म्हणाला. "आमचंच तेवढं लिहिता आलं नाही. म्हणून समदे आमच्याकडंच बघतेत."

लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 123(3) सांगतं की जातीच्या नावाने मत मागणं हा भ्रष्ट आचार आहे. 2017 साली सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने, चार विरुद्ध तीन अशा बहुमताने, त्यात मतदाराची जातही धरली. पण या कागदावर कुणी काही मागितलंच नव्हतं. नुसत्या खुणा केल्या होत्या.

नमुना मतपत्रिका त्याच्या हातात देऊन मी नेहमीप्रमाणे भिंतीकडे तोंड केलं. पुढचे प्रश्न सुरू झाल्यावर तो मोकळा झाला. मत देताना काय पाहिलं, यावर म्हणाला, "माझ्या जातीच्या माणसाला मी जन्मात मत दिलेलं नाही. कधी उभाच राहिला नाही, देऊ कुणाला? पोरीला नर्सिंगला घालायचं होतं. जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर, तहसीलला खेटे घालून चपला झिजल्या. तेव्हा माझ्यासंगं दोन्हीकडच्यांपैकी कोण आलं अन् कुणी उद्या ये म्हणून लावलं, ते माझ्या ध्यानात हाय. तेवढंच बघितलं."

तेव्हा मला ऊसतोडणाऱ्या बाईचं उत्तर आठवलं. दोघांचा प्रश्न एकच होता, अडचणीत माझ्यासाठी कोण उठेल? तिच्यापाशी याचं तयार उत्तर होतं, कारण तिच्या जातीत पुढारी होता. त्या नाभिकाला मात्र प्रत्येक वेळी माणूस पारखून घ्यावा लागतो. आपल्या जातीचा उमेदवार लोक पसंत करतात का, या प्रश्नावर वर्गात मी आता हेच सांगते: करतात, पण जिव्हाळ्यापेक्षा भरवशासाठी. आणि त्या भरवशाला भीतीची जोड मिळाली की 2019चा निकाल 2024 मध्ये उलटतो.

त्याची बायको इतका वेळ चुलीपाशी होती. ती म्हणाली, "ते समदं खरं, पर निकालाचं विचारा की त्यास्नी." तिला धास्ती होती मतमोजणीची. मतदान गुप्त आहे, पण बुथाचा आकडा गुप्त नाही. मोजणीच्या टेबलाशी बसलेले प्रतिनिधी प्रत्येक यंत्राचे आकडे टिपून घेतात, पुढे ते अधिकृत तक्त्यातही येतात. गावाने घरं मोजलेली असतात. लाल खुणा इतक्या, निळ्या इतक्या. यंत्रातून निघाली त्याहून थोडी जास्त. "वरची कुणाची, म्हणून आमच्याच दारात येणार," ती म्हणाली. दोन्ही समाजाची डोकी त्याच खुर्चीत भादरून त्यांचं घर चालतं. एका बाजूचं गिऱ्हाईक मतदानाआधीच कमी झालं होतं.

4 जूनला निकाल लागला. बजरंग सोनवणे 6,553 मतांनी जिंकले. आमच्या तुकडीतल्या एका मुलाचं आजोळ त्याच गावात आहे. त्याने सांगितलं, दोन्ही बुथांचे आकडे रात्र पडायच्या आत गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आले होते आणि पारावर वजाबाकी चालू होती. एवढ्या थोड्या फरकाचा निकाल असल्यावर ती वजाबाकी अधिकच जोरात होणार, हे उघड होतं.

हे थांबवता येतं, आणि उपाय तयार आहे. मतपत्रिकांच्या काळात वेगवेगळ्या बुथांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजायची सोय नियमात होती. यंत्रं आली आणि ती आडोशाची भिंत पडली. निवडणूक आयोगाने 2008 साली टोटलायझरचा प्रस्ताव दिला. चौदा मतदान यंत्रं जोडून मतांची एकत्र बेरीज दाखवणारं ते उपकरण. 2015 मध्ये विधी आयोगानेही त्याची शिफारस केली. केंद्र सरकारने मान्यता दिली नाही. बुथनिहाय आकड्यांवरून आपलं काम कुठे कमी पडलं हे पक्षांना कळतं, असं त्यामागचं म्हणणं. मला हे कारण अजिबात मान्य नाही. पक्षांना काम कुठे कमी पडलं हे कळण्यापेक्षा त्या दोन घरांना निर्धास्तपणे बटण दाबता येणं कितीतरी मोलाचं आहे. हजारभर मतदारांच्या बुथावर ती घरं कुठेच लपू शकत नाहीत. चौदा बुथांच्या बेरजेत त्यांना शोधून काढणं कुणालाच जमणार नाही.