डुब्रोवनिकचा तट आणि काकांची वीत

मी टूर मॅनेजर आहे, युरोपचे ग्रुप नेतो. क्रोएशियात डुब्रोवनिकचा तट फिरवताना सगळं पाठ असतं, लांबी १९४० मीटर, उंची काही ठिकाणी २५ मीटर, फोटो काढा, पाणी प्या, चला पुढे. जुलैचं ऊन आणि त्या पायऱ्या, इतिहास कोणाला हवाय.

पण त्या ग्रुपमध्ये एक काका होते, सरकारी बांधकाम खात्यातून रिटायर झालेले. सगळे समुद्राचे सेल्फी काढतायत आणि हे भिंतीला हात लावून बघतायत. "डोंगराकडे एवढी जाड आणि समुद्राकडे निम्मीच?" लोकल गाईडबाई खूश झाल्या, म्हणाल्या धोका जमिनीवरून जास्त, म्हणून तिकडे ४ ते ६ मीटर आणि समुद्राकडे दीड ते ३. १४५३ ला तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल घेतलं तेव्हा इथल्या व्यापाऱ्यांचं धाबं दणाणलं, तोफांपुढे जुना तट टिकायचा नाही म्हणून फ्लॉरेन्सच्या मिकेलोत्सो या वास्तुकाराला आणून मिंचेता बुरूज नव्याने बांधायला काढला, आणि सुलतानाला खंडणी द्यायचे ते वेगळंच. पक्की व्यापारी डोकी!

खरी मजा लॉव्रियेनात्सला. हा किल्ला तटाच्या बाहेर, ३७ मीटर उंच कड्यावर. समुद्राकडची भिंत १२ मीटरपर्यंत जाड आणि शहराकडची फक्त ६० सेंटीमीटर. काकांनी लगेच वीत टाकली, पावणेतीन भरली. "कॉन्ट्रॅक्टरने खाल्लं वाटतं," मागून कोणीतरी बोललं. बाई हसून म्हणाल्या, मुद्दामच ठेवलीय, किल्लेदार फिरला आणि त्याने शहरावरच तोफा वळवल्या तर शहरातून ही भिंत पाडता आली पाहिजे. आणि या नगरराज्याचा प्रमुख, रेक्टर, तोही एका महिन्यापुरताच असायचा, म्हणजे भरवसा कोणावरच नाही.

काका म्हणाले, "अहो, महाराजांनी नाही का एका गडावर हवालदार, सबनीस, सरनोबत तिघं नेमले, एकट्याच्या हातात गड द्यायचाच नाही. यांनी तेच काम भिंतीकडून करून घेतलं."

मग काय, ग्रुप सुटलाच, फितुरीवर वाद, कोण कुठल्या गडावर फितूर झालं, कोणी ऐकेचना. जेवणाचं बुकिंग हुकलं ते हुकलंच, पिझ्झावर भागवलं, आणि तिथेही काका वेटरला भिंतीची जाडी विचारत होते.