बारक्याला ऐकू येत होतं

"दादा, शिट्टी येतेय," असं तो पोरगा चौथ्यांदा म्हणाला तेव्हा मी म्हणालो, "नवीन स्पीकर आहेत रे. आठ दिवस वाजव, बसतील."

हे वाक्य आमच्या धंद्यात, म्हणजे गाड्यांत स्पीकर-स्टीरिओ बसवायच्या कामात, कधी निघतं ते सांगतो. नवा स्पीकर थोडा कडक असतो, वाजून वाजून मोकळा होतो, यात तथ्य आहे. पण शिट्टीचा आणि त्याचा काडीचा संबंध नाही. गिऱ्हाईक एकच तक्रार धरून बसलंय, आपल्याला काही सापडत नाहीये आणि घड्याळात साडेसहा वाजलेत, अशा वेळी ते बाहेर पडतं. मी १९ वर्षांत ते किती जणांना ऐकवलं असेल, मोजलेलं नाही. हल्ली मोजावंसं वाटतं.

माझं दुकान नाना पेठेत. गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या गर्दीत एक गाळा. गाडी रस्त्यावरच लावून काम करायचं, त्यामुळे अर्धं लक्ष वायरिंगमध्ये आणि अर्धं टोइंगच्या गाडीकडे. हाताखाली बारक्या. वय १९, माझ्याकडे दोन वर्षं झाली. बोलतो कमी, हात साफ आहे.

पोरगा वारज्याहून आला होता. पहिली नोकरी, काकांकडून घेतलेली जुनी हॅचबॅक. "दादा, मला यातलं काहीच कळत नाही," म्हणाला आणि पुढची वीस मिनिटं त्याने बघितलेले व्हिडिओ मला सांगितले. बजेट २८ हजार. त्याला डिकीत मोठा बेस हवा होता आणि खोक्यावर १००० वॅट लिहिलेलं हवं होतं.

नवशिक्याचा दोष नाही. खोक्यावर आकडे छापणाऱ्यांना कोणी विचारत नाही. कंपनीच्या साध्या स्टीरिओवर '५० वॅट गुणिले ४' लिहिलेलं असतं. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची, इंजिन चालू असताना साधारण १४. तेवढ्या व्होल्टेजवर चार ओहमच्या स्पीकरला सतत मिळणारे वॅट विसाच्या आसपास. ५० वगैरे क्षणभराचा झटका. बघायचा तो आरएमएस, म्हणजे सतत मिळणाऱ्या वॅटचा आकडा, बाकी सगळी जत्रेतली पाटी. हे मी त्याला सांगितलं, मग त्याला दारापाशी नेलं आणि दारावर बोटाच्या पेरांनी टकटक केलं. "काय वाजतंय?"

"डबा."

"मग या डब्यात तू पंधरा हजारांचा स्पीकर घातलास तरी काय वाजणार?"

शेवटी असं ठरलं: पुढच्या दोन दारांना डॅम्पिंग, म्हणजे पत्र्याचा थरथराट मारणारी शीट; साडेसहा इंची कंपोनंट स्पीकर, म्हणजे वरच्या सुरांचा छोटा ट्वीटर वेगळा; सीटखाली आवाजाला ताकद देणारा छोटा चार चॅनलचा ॲम्प. बेस नंतर, पैसे जमले की. दोन चॅनल तोवर रिकामे. माझ्या मते नवशिक्याने याच क्रमाने जावं. बहुतेक दुकानं उलट्या क्रमाने नेतात, कारण डिकीतला बेस दुकानासमोर पाच मिनिटांत दाखवता येतो. दार भरल्याने काय झालं ते कळायला गाडी कात्रजच्या घाटात न्यावी लागते.

काम नीट झालं, ते सांगायला मला आवडेल. दाराचं पॅड काढलं, आतला धुळीचा थर थिनरने पुसला, मग शीट. ही ब्यूटाइल रबराची, वरून ॲल्युमिनियमची. नुसती चिकटवून भागत नाही, रोलरने एवढी दाबायची की वरची नक्षी सपाट व्हावी. बारक्या रोलर फिरवताना जीभ बाहेर काढतो. दाराच्या तळाला पाणी निघायची भोकं असतात, ती चुकूनही बुजवायची नाहीत. नाहीतर पहिल्या पावसात दारात विहीर.

पॉवरची वायर पूर्ण तांब्याची. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर निम्म्या भावात मिळते आणि जाडीला तेवढीच दिसते. ती बसवून तांब्याचे पैसे लावणारे माझ्याच गल्लीत आहेत. फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत. तो ॲम्पला वाचवायला नसतो. मधेच कुठे वायर पत्र्याला घासली तर गाडी पेटू नये म्हणून असतो. अर्थसाठी, म्हणजे वीज गाडीच्या पत्र्यातून परत जायला, सीटखालचा रंग कागदाने घासून चकचकीत पत्रा काढला आणि बोल्ट आवळला. पॉवर डाव्या बाजूने, आरसीए, म्हणजे स्टीरिओचा आवाज ॲम्पला नेणाऱ्या वायरी, उजव्या बाजूने. मग गेन, म्हणजे आलेला आवाज ॲम्पने किती वाढवायचा तो स्क्रू. ॲम्प ५० वॅटचा, स्पीकर चार ओहमचा. ५० गुणिले ४, २००, त्याचं वर्गमूळ १४.१. स्पीकर सोडवून, स्टीरिओ पाऊण आवाजावर ठेवून, १००० हर्ट्झचा टोन लावून मीटरवर १४ व्होल्ट येईपर्यंत स्क्रू फिरवायचा. कान लावून 'एवढा बास' म्हणणारे फिटर ट्वीटर जाळतात.

आता शेवटचं वाक्य मी कुठल्या तोंडाने लिहितोय ते पुढे येईलच.

साडेपाचला गाडी तयार झाली. पोरगा सीटवर बसला, गाणं लावलं, खूश झाला. मग गाणं बंद केलं आणि कपाळाला आठी घातली. "दादा, बारीक शिट्टी वाजतेय. एकसारखी."

मी इंजिन चालू करून रेस दिली. अल्टरनेटरचा आवाज असेल तर रेसबरोबर तो चढतो, मच्छर जवळ आल्यासारखा. काही नाही. अर्थ परत तपासला. आरसीए काढून लावल्या. आरशाच्या कोपऱ्यातल्या ट्वीटरला कान टेकवला. शांत. देवळाच्या गाभाऱ्यासारखं शांत. "काही नाहीये," मी म्हणालो. तो म्हणाला, आहे. बारक्या मागे उभा होता. मी त्याला विचारलं, "येतंय का रे तुला काही?" विचारलं म्हणजे, उत्तर ठरवूनच विचारलं. तो म्हणाला, "नाही भाऊ."

मग ते आठ दिवसांचं वाक्य. पोरगा मान हलवून एटीएमला गेला, जाताना जरा उतरलेला होता. मी बिल लिहायला आत वळलो.

तो परत आला, गाडीत बसला आणि ओरडला, "गेली! दादा, मानलं तुम्हाला. काय केलंत?"

मी काहीच केलं नव्हतं. आणि मी म्हणालो, "अर्थ जरा सैल होता, आवळला."

तो गेला. बारक्या वायरचे तुकडे झाडत होता, गरजेपेक्षा जास्त वेळ. मी विचारलं तेव्हा त्याने खिशातून यूएसबी चार्जर काढला. पोराच्या डॅशकॅमचा, सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये लावायचा, स्वस्तातला. शिट्टी त्याची होती. बारक्याने तो काढून ड्रॉवरमधला चांगला चार्जर लावून दिला होता. अशा चार्जरच्या आत १२ व्होल्टचे ५ करायला विजेची चालू-बंद चालते, हजारो वेळा सेकंदाला. फिल्टरवर पैसे वाचवले असतील तर तो किरकिराट अर्थमधून ॲम्पमध्ये शिरतो.

"तुला ऐकू येत होती?"

"हो."

"मग नाही का म्हणालास?"

"तुम्ही म्हणाला ना, काही नाही."

मी त्याला अजून एक विचारलं आणि विचारायला नको होतं असं आता वाटतं. याआधी कधी? त्याने दोन बोटं मुडपली, तिसऱ्याशी थांबला. हडपसरच्या डॉक्टरांची पांढरी गाडी. दिवाळीतली ती सेव्हन सीटर. तिसरी त्याने सांगितली नाही, मीही ताणलं नाही.

शटर अर्धं ओढून आम्ही माझ्याच गाडीत तो चार्जर लावला. माझ्या फोनमध्ये आवाजाचा आलेख दाखवणारं ॲप आहे, गिऱ्हाइकावर छाप पाडायला ठेवलेलं. ११ हजार हर्ट्झपाशी एक सुळका उभा. बारक्या तोंड वाकडं करून बसला होता. मी ऐकत होतो: रस्ता, कुठलीतरी रिक्षा, बाकी काही नाही. मग टोन लावले. आठ हजार, मला आला, क्षीण. नऊ, आला की आल्यासारखा वाटला. दहा हजारांना मी काच बघत बसलो. बारक्याला सांगितलं होतं, ऐकू येतंय तोवर बोट वर ठेव. दहा, बारा, चौदा, सोळा. बोट वर. सतराला खाली आलं. त्या चार-पाच मिनिटांत आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही.

मी ४४ वर्षांचा आहे. वयाप्रमाणे वरचे सूर जातात हे मला माहीत होतं, पण माहीत होतं ते इतरांबद्दल. पुढच्या आठवड्यात कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. बंद खोलीत हेडफोन लावून तपासणी झाली. कागदावर ४००० हर्ट्झपाशी रेघ खाली गेलेली, रस्त्यात खड्डा पडावा तशी. डॉक्टर म्हणाले, हा मोठ्या आवाजाने पडणारा खड्डा. काय करता? मी धंदा सांगितला. मग त्यांनी विचारलं, अजून काही?

अजून म्हणजे बारा वर्षं ताशा. नदीपात्रात गणपतीच्या आधी दोन महिने रोज सराव, मग लक्ष्मी रोडवर दुतर्फा इमारतींमध्ये कोंडलेला आवाज. कानात कापूस घालणाऱ्याला आम्ही हसायचो. ८५ डेसिबल आठ तास हीच सुरक्षिततेची हद्द धरतात, आणि पुढे प्रत्येक तीन डेसिबलला वेळ निम्मा. ताशा गळ्यात असताना काटा कुठे असेल, ते मला आता विचारायचंही नाही. आणि तरी या भाद्रपदात पथक दिसलं की मी थांबणार, हेही खरं आहे.

पण रात्री झोप उडाली ती शिट्टीने नाही, ट्रेबलने, म्हणजे वरचे सूर कमी-जास्त करायच्या सेटिंगने. गेन मी मीटरवर लावतो, ट्रेबल मात्र कानावर. गेली दोन-तीन वर्षं काही गिऱ्हाइकं परत येऊन म्हणायची, दादा, आवाज टोचतोय, डोकं दुखतं. मी मनात म्हणायचो, याला स्पष्ट आवाजाची सवयच नाही, हा फाटक्या स्पीकरवर वाढलेला. एका बाईंना तर तोंडावर बोललो होतो. आता कळतंय की मला जे ऐकू येत नव्हतं, ते ऐकू येईपर्यंत मी वाढवत होतो. त्या पोराच्या गाडीतही ट्रेबल प्लस चार ठेवून दिला होता. तीन ट्वीटर जळून आले होते दीड वर्षात. मालाची खोट म्हणून मी डिस्ट्रिब्युटरशी भांडून ते बदलून घेतले होते.

गेल्या रविवारी पोरगा बेस बसवायला आला. पैसे जमले म्हणाला, खरं तर वडिलांकडून घेतले असावेत. अर्थबद्दल मी जे बोललो होतो ते त्याने मित्राला सांगितलं होतं. तो मित्रही बरोबर होता, त्याच्याही गाडीत शिट्टी. "यांना दाखव, हात लावला की जाते," असं माझ्यासमोर म्हणाला. मी तेव्हा सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "बारक्या, बघ रे जरा."

संध्याकाळी पोराची गाडी झाली. मी बारक्याला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं, दार लावलं आणि बाहेर उभा राहिलो. काचेतून दिसत होतं: डोळे मिटलेले, जीभ बाहेर, बोट बटणावर. बराच वेळ घेतला. मग काच खाली केली.

"प्लस चार होतं भाऊ. शून्यावर आणलं. उजवीकडचा एक घर खाली." आणि पोरगा शेजारीच उभा होता म्हणून असेल, नेहमीपेक्षा मोठ्याने म्हणाला, "तुम्ही एकदा ऐकून घ्या ना."

तो उतरला, मी बसलो. त्याने गाणं लावलं. मला ते दबल्यासारखं वाटलं, झांजेवर कोणीतरी गोधडी टाकावी तसं. पोरगा खिडकीत वाकून माझ्या चेहऱ्याकडे बघत होता.

"बरोबर आहे," मी म्हणालो.