चारशे मीटरची वर्तुळं

कोणत्या वस्त्यांना चालत जाण्याजोगा बसथांबा आहे, हे मला नकाशावर पाहायचं होतं. त्यासाठी प्रत्येक थांब्याभोवती ठरावीक अंतराचं वर्तुळ, म्हणजे बफर, पहिल्यांदा काढला तेव्हा क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरने अख्खी पृथ्वीच झाकून टाकली. मी ४०० टाकले होते मीटर समजून, पण थांब्यांचा लेयर (नकाशावरचा माहितीचा थर) अक्षांश-रेखांशात होता, त्यामुळे ते ४०० अंश झाले. आकड्याशेजारी 'डिग्रीज' असं स्पष्ट लिहिलेलं होतं, मीच वाचलं नाही. लेयर यूटीएममध्ये, म्हणजे मीटरमध्ये मोजणाऱ्या निर्देशांक-पद्धतीत, रीप्रोजेक्ट केल्यावर (बदलून घेतल्यावर) वर्तुळं ताळ्यावर आली.

थांबे आणि वेळापत्रक जीटीएफएस या सार्वजनिक वाहतुकीच्या माहितीच्या फाइलींमधून घेतलं. (गूगल आणि अमेरिकेतल्या पोर्टलंडची वाहतूक संस्था ट्रायमेट यांनी २००५मध्ये सुरू केलेला हा फॉरमॅट. त्यातला 'जी' आधी गूगलचा होता, पुढे 'जनरल' झाला.) ४०० मीटर म्हणजे पाचेक मिनिटांची चाल, बसथांब्यासाठी सर्रास धरलं जाणारं अंतर. वर्तुळांखाली लोकसंख्येचा १०० मीटरच्या चौकटींचा रास्टर ठेवून झोनल स्टॅटिस्टिक्स चालवलं, म्हणजे प्रत्येक वर्तुळातली लोकसंख्या मोजली, तर जवळजवळ सगळी वस्ती आत! दोन दिवस मी खुशीत होते.

मग सहज रेल्वेरुळालगतच्या एका वस्तीवर झूम केलं. थांबा रुळाच्या अलीकडे, घरं पलीकडे, आणि माझं वर्तुळ बिनदिक्कत रूळ ओलांडून गेलेलं. माणसाला तसं जाता येत नाही, पुलापर्यंत वळसा घालावा लागतो.

म्हणून ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशाचे रस्ते उतरवून घेतले, द्रुतगती मार्ग काढून टाकले आणि 'सर्व्हिस एरिया' टूल चालवलं; ते सरळ रेषेऐवजी रस्त्यांवरून अंतर मोजतं. एकेरी वाहतुकीचा नियम पादचाऱ्याला लागू नसतो, तेव्हा दिशा दोन्हीकडून खुली ठेवायची. हे मला दुसऱ्या खेपेला सुचलं. गोल वर्तुळांच्या जागी प्रत्येक थांब्याभोवती वेड्यावाकड्या फांद्या फुटल्या. रुळापलीकडची वस्ती बाहेर पडली. आणखीही बऱ्याच पडल्या.

त्यातली एक मात्र खोटी निघाली. नकाशात तिथे मोठी पोकळी दिसत होती, म्हणून जाऊन पाहिलं, तर चांगला वापरातला पादचारी पूल! ओपनस्ट्रीटमॅपवर तो काढलेलाही होता, फक्त त्याचं टोक रस्त्याच्या रेषेला जोडलेलं नव्हतं. बोटभर अंतर, पण सॉफ्टवेअरच्या लेखी तिथे रस्ताच संपत होता. घरी येऊन ते टोक जोडलं.

थांबा जवळ असून भागत नाही, तिथे बसही यायला हवी; सर्वात जास्त वेळ प्रत्येक थांब्यावरच्या फेऱ्या मोजण्यात गेला. आधी मी जीटीएफएसच्या स्टॉप-टाइम्स फाइलमधल्या (कोणती फेरी कोणत्या थांब्यावर किती वाजता) ओळी सरसकट मोजल्या. त्यात रविवारच्या आणि इतर वारांच्या फेऱ्या एकत्र झाल्या आणि ओसाड थांबेही गजबजलेले दिसू लागले. कोणती सेवा कोणत्या वारी चालते हे सांगणारी कॅलेंडरची फाइल जोडून एकच मंगळवार निवडला. पुढची अडचण २५:१०:०० अशा वेळांची. मध्यरात्रीनंतरची फेरी आदल्याच दिवसाच्या सेवेत मोजली जाते, म्हणून तास चोवीसच्या पुढे जातात. तो रकाना मजकूर म्हणूनच ठेवला आणि पहिले दोन आकडे वेगळे काढले. रात्री नऊनंतरचा फिल्टर लावला तेव्हा पडद्यावर ठिपके मोजकेच राहिले.

रुळापलीकडच्या वस्तीसाठी चालायचं अंतर ८०० मीटरपर्यंत ताणून पाहिलं. एक थांबा मिळाला. त्यावर दिवसाला दोन फेऱ्या, दोन्ही सकाळच्या, दोन्ही एकाच दिशेच्या. पहिल्या नकाशात तोही इतरांएवढाच हिरवा ठिपका होता.