मोंढा-भाव ॲप: लॉकफाइलची तपासणी कुठवर आली

लातूर मोंढ्यातले सोयाबीन-तुरीचे भाव दाखवणाऱ्या ॲपला आता बाहेरचे लोकही पुल रिक्वेस्ट (कोडमधला बदल स्वीकारा अशी विनंती) पाठवतात. म्हणून पॅकेज-लॉक फाइलची, म्हणजे ॲप बाहेरची कोणती पॅकेजं (तयार कोड) कोणत्या आवृत्तीत वापरतं त्या यादीची, तपासणी आधी हाती घेतली. गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर या फाइलमधला फरक मिटलेला दिसतो, उघडून वाचणारा विरळाच.

प्रत्येक नोंदीत दोन गोष्टी बघायच्या: 'रिझॉल्व्ड', म्हणजे टारबॉल (पॅकेजची बांधलेली फाइल) कुठून आणायचा तो पत्ता, आणि 'इंटिग्रिटी', म्हणजे त्याचा हॅश: फाइलच्या मजकुरावरून निघणारा ठसा, बहुधा एसएचए-५१२ पद्धतीचा. लॉकनुसार पॅकेजं बसवणारी 'एनपीएम सीआय' ही आज्ञा उतरवलेली फाइल या हॅशशी ताडून बघते. हॅश मुळात कुणी लिहिला, ते विचारत नाही. पोतंही बदललं आणि हिशोबपट्टीही, तर वजन जुळणारच. एका नोंदीचा पत्ता लोकल सर्व्हरकडे वळवून तिथल्या टारबॉलचा हॅश टाकला, तर इन्स्टॉल बिनबोभाट पार पडलं.

ही चाचणी रिकाम्या कॅशेवरच (कॅशे म्हणजे आधी उतरवलेल्या फाइलींचा साठा) करा. एनपीएम हॅशवरून आधी कॅशे चाळतं. नुसता पत्ता बदललेला असेल तर फाइल कॅशेतूनच मिळते आणि खोट्या पत्त्याला हातही लागत नाही.

तपासणीची स्क्रिप्ट फक्त नोडच्या (जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या साधनाच्या) अंगभूत मॉड्यूलवर लिहिली आहे. लॉकफाइल तपासणारं लॉकफाइल-लिंट हे साधन चांगलं आहे, पण ते प्रोजेक्टमध्येच बसवलं तर तेही त्याच संशयित लॉकमधून येणार! स्क्रिप्ट प्रत्येक नोंदीचं नाव आणि आवृत्ती घेते, रजिस्ट्रीकडून (एनपीएम पॅकेजांच्या भांडाराकडून) त्या आवृत्तीच्या 'डिस्ट' माहितीतली इंटिग्रिटी मागवते आणि दोन्ही जुळवते. पत्त्याचा होस्ट रजिस्ट्रीचाच हवा, तोही एचटीटीपीएसवर.

खोटे इशारे तीन ठिकाणी आले. 'इनबंडल' नोंदींना (दुसऱ्या पॅकेजच्या पोटातच येणाऱ्या पॅकेजांना) स्वतःचा पत्ता नसतो, त्या वगळा. एलियस (पॅकेजला दिलेलं दुसरं नाव) असेल तर फोल्डरचं नाव धरू नका, नोंदीतलं 'नेम' घ्या. जुन्या नोंदींत एसएचए-१ हा जुन्या पद्धतीचा हॅश असतो. तो बेस-६४ मध्ये २८ अक्षरांचा आणि रजिस्ट्रीचा 'शासम' (तोच हॅश) हेक्समध्ये ४० अक्षरांचा, म्हणून आधी एका रूपात आणा.

तपासणी 'एनपीएम सीआय'च्या आधी चालली पाहिजे, कारण पॅकेजची पोस्टइन्स्टॉल स्क्रिप्ट इन्स्टॉल होतानाच चालते. आणि तपासणीची स्क्रिप्ट मेन ब्रँचमधलीच (आपल्या मूळ कोडमधलीच) घ्या. पुल रिक्वेस्टमधली घेतली तर चोराच्या हाती किल्ली.

'ई-इंटिग्रिटी' चूक (हॅश जुळला नाही) दिसली की लॉक पुसून नव्याने इन्स्टॉल करायची सवय बऱ्याच जणांना असते. तसं केलं तर पुरावाच जातो. आधी 'एनपीएम कॅशे व्हेरिफाय' चालवा, मग टारबॉल वेगळा उतरवून ओपनएसएसएलने हॅश काढा आणि रजिस्ट्रीशी ताडा.

रजिस्ट्रीवरच विषारी आवृत्ती चढली असेल तर यातलं काहीच कामाचं नाही. २०१८ मध्ये इव्हेंट-स्ट्रीम या पॅकेजमार्फत आलेलं फ्लॅटमॅप-स्ट्रीम तसंच होतं: हॅश बरोबर, माल खोटा. अशातल्या निदान इन्स्टॉल होतानाच काही चालवणाऱ्या आवृत्त्या दिसाव्यात, म्हणून नव्याने आलेल्या 'हॅज-इन्स्टॉल-स्क्रिप्ट' नोंदींची वेगळी यादी काढायची आहे.

गिटवरून थेट घेतलेल्या एका पॅकेजचं अजून बाकी आहे. त्याला इंटिग्रिटी नाही, म्हणून सध्या ओळखीची रेपो (कोडचा साठा) आणि ४० अक्षरी पूर्ण कमिट-क्रमांक (नेमक्या बदलाची खूण) असेल तरच ते पुढे जाऊ देतो.