उलट्या वाऱ्यात उघडी पडलेली गळती

शिडाच्या होडीने जाताना वारा पाठीमागून होता. सेंटरबोर्ड, म्हणजे होडीच्या तळातून पाण्यात सोडायची फळी, जवळजवळ पूर्ण वर ओढलेला, तळ कोरडा ठणठणीत. परतीला वारा थेट तोंडावर आला. बोर्ड खाली सोडून वाऱ्याविरुद्ध नागमोडी चढू लागलो, तसं पायाखाली पाणी जमायला लागलं.

उलट्या वाऱ्यात होडी आडवी घसरू नये म्हणून सगळा जोर सेंटरबोर्डवर येतो आणि बोर्ड ज्या अरुंद उभ्या पेटीतून वर-खाली होतो, तिला बाजूने पिळत राहतो. पेटी जिथे कण्यावर, म्हणजे तळाच्या मधल्या लांब आधारावर बसते, तो सांधा या पिळाने किंचित उघडतो. धक्क्याला बांधलेल्या होडीत ही गळती दिसेलच असं नाही, ती चालत्या होडीतच शोधावी. आम्ही आडोशाला थांबलो, तळ पुसला आणि सांध्याच्या कडेने खडूची पूड भुरभुरली. पुन्हा वाऱ्यावर चढताच पेटीच्या मागच्या कोपऱ्यात पुडीवर काळपट रेघ उमटली. बोर्ड ज्या बोल्टवर फिरतो, त्याच्या नटाखालूनही थेंब झिरपत होता.

तुम्हीही निघण्याआधी होडी स्टँडवर घेऊन बोर्ड हाताने जोरात हलवून बघा. बोर्डाबरोबर पेटीही हलत असेल, तर तिला आधार देणारं आडवं बाक आणि त्याचे स्क्रू आधी पक्के करा. हालचाल थांबवल्याशिवाय कुठलंही सीलंट (फट बुजवायचा चिकट माल) टिकत नाही. वरून नुसता थर फासणं तर वायाच, कारण पाणी बाहेरून दाबतं आणि थर सुटून येतो. जुना माल खरवडून काढा, सांधा पूर्ण वाळू द्या, मग पॉलियुरेथेन सीलंट आत खोलवर भरा. सिलिकॉन मात्र वापरू नका. त्याचा अंश राहिला की पुढे रंग आणि इपॉक्सी (घट्ट होणारी चिकट राळ) धरत नाहीत. बोल्टला दोन्ही बाजूंनी पेटीलगत रबरी वायसर, त्यावर धातूचा वायसर, मग नट. रबर जरासं फुगलं की पाना थांबवा.

बरेच दिवस उन्हात पडलेली लाकडी होडी पाण्यात उतरवल्यावर सुरुवातीला बऱ्याचदा गळते, लाकूड फुगलं की ते बरंचसं थांबतं. तेवढा वेळ देऊन मगच दुरुस्ती ठरवा.

वाटेत पाणी वाढलं, तर थोडं वाऱ्यापासून वळा, शीड सैल सोडून जोर कमी करा आणि लगेच उपसा. साचलेलं पाणी कललेल्या बाजूला धावतं आणि होडी आणखी कलते. उपसायचं भांडं दोरीने बांधलेलं असू द्या. जादा रबरी वायसर आणि त्या नटाचा पाना सोबत हवाच.